नानांची वाडी, ४८ माड आणि बहिणींचा वाटा

आपल्या नगरकरांना समुद्र फार लांबचा वाटतो. पण निजामशाहीच्या काळात कोकणातलं चौल हे नगरच्या सुलतानांचंच बंदर होतं. माझ्या घरातही नगर आणि कोकण असेच जोडलेले आहेत. अब्बा नगरचे आणि अम्मी रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातली, खाडीकाठच्या एका छोट्या गावची. लहानपणी दर मे महिन्यात आम्ही नानीकडे जायचो. यंदाही गेलो, पण सुट्टीसाठी नाही. नानांच्या घराचे आणि वाडीचे कागद नीट करायचे होते. त्या आठ दिवसांत जे समजलं, ते आपल्या वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

गावाला जायचं कसं?

नगरहून पुणे, तिथून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा आणि मग श्रीवर्धन. सकाळी निघालं तर संध्याकाळी पोहोचतो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, त्यामुळे मुंबईहून येणारे माणगावला उतरतात आणि पुढे एसटी धरतात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की सगळंच अडतं. तालुक्यातल्या बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री नदीची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. गाडीसकट माणसं पलीकडे जातात आणि मोठा वळसा वाचतो.

नानांच्या तरुणपणी मुंबईला जायचं म्हणजे बोटीनेच. तो प्रवास सुखाचा नव्हता. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या नानीला पावसाळ्यातल्या बोटीचं नाव काढलेलंसुद्धा आवडायचं नाही.

गावातलं जगणं

कोकणी मुसलमानांचे मोहल्ले समुद्राला आणि खाडीला धरून वसलेले आहेत. घरात बोलतात ती कोकणी बोली, मदरशात उर्दू, बाजारात मराठी. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर आणि नारळ-सुपारीची वाडी. जेवणात तांदळाची भाकरी आणि मासे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट आणि सुके बोंबील कामाला येतात.

कमाई मात्र पूर्वीपासून बाहेरची. नाना जहाजावर खलाशी होते. गावातले काही जण खूप आधी दक्षिण आफ्रिकेला गेले. केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. पुढे १९७० नंतर आखाती देशांची वाट खुली झाली. त्या पैशांतून दुमजली घरं उभी राहिली. आज त्यातली कितीतरी घरं कुलूपबंद आहेत. चावी शेजाऱ्याकडे आणि मालक कुवेतला नाहीतर मुंब्र्याला.

वादळाने काय शिकवलं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन तालुक्यातल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायलाच पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे एका दिवसात कित्येक वर्षांची मेहनत गेली. आमच्या वाडीचाही पंचनामा झाला. भरपाईच्या वेळी कळलं की सातबाऱ्यावर अजून नानांचंच नाव आहे. नाना १९९६ मध्ये वारले. मयत माणसाच्या नावावर पैसे येणार कसे? गावात राहणारे धाकटे मामू संमतीपत्रं गोळा करत फिरले. एक भाऊ कुवेतला, एक बहीण मुंब्र्याला, एक नगरला. त्यातच वर्ष गेलं.

कोणता कागद कशाचा?

लोक सगळ्यालाच ‘घराचे कागद’ म्हणतात, पण ते वेगवेगळे असतात.

वाडी आणि शेत यांचा कागद म्हणजे सातबारा. गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे मिळकत पत्रिका. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून या पत्रिका दिल्या जातात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. तो हातात असला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं समजू नये.

मालक वारला की तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याकडे कळवायचं असतं. उशीर झाला तरी वारस नोंद होते. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची माहिती लागते. ‘सगळ्या’ म्हणजे बायको आणि मुलींचीसुद्धा. मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते आणि हरकत नसेल तर नावं लागतात.

परदेशात असलेल्या भावाला यावंच लागतं असं नाही. तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र तो पाठवू शकतो. मात्र ते भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं, त्यांना इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते.

४८ माडांचं गणित

आता खरा मुद्दा. तलाठ्याकडे जायच्या आदल्या रात्री मामू अम्मीला म्हणाले, “आपा, तू आणि खैरसल्ला म्हणून छोटीनेही हक्कसोडपत्रावर सही केली की काम सोपं होईल. घर तर तुमचंच आहे.” मामू वाईट नाहीत. तीस वर्षं त्या घराची कौलं त्यांनीच शाकारली. पण अम्मी गप्प बसली.

मी गणिताचा शिक्षक, म्हणून पडवीत बसून हिशोब मांडला. समजा वाडीत ४८ माड आहेत. नानांच्या मागे नानी, दोन मुलगे आणि दोन मुली. मुलं असल्यामुळे बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे नानीला ६ माड. उरले ४२. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, असे सहा वाटे. एक वाटा ७ माडांचा. म्हणून प्रत्येक मामूंना १४ आणि अम्मीला व खालाला ७-७. पुढे नानी वारली. तिचे ६ माड त्याच पद्धतीने वाटले तर मुलांना २-२ आणि मुलींना १-१. शेवटी मामूंकडे १६-१६, बहिणींकडे ८-८. बेरीज ४८.

हे हिस्से सूरह निसामध्ये ठरवून दिलेले आहेत. बहीण काय म्हणते, यावर ते ठरत नाहीत. १९३७ च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे वाद असेल तर वकिलाला जरूर विचारावं. पण मुलीला काहीच नाही, असा अर्थ त्यातून अजिबात निघत नाही.

इंडोनेशियात सुमात्रा बेटावर मिनांगकाबाऊ नावाचा मुस्लिम समाज आहे. तिथे वडिलोपार्जित घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं, आणि स्वकष्टाची कमाई शरियतप्रमाणे वाटली जाते. त्यांचा रिवाज बहिणीला घर देतो. आपला रिवाज तिच्याकडून सही घेतो. दोघंही नमाज एकाच किब्ल्याकडे पढतात.

बहीण स्वखुशीने हिस्सा सोडू शकते, त्यात गैर काही नाही. पण आधी तिचं नाव लागू द्या, तिचा हिस्सा किती ते तिला सांगा आणि मग विचारा. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं आणि एकदा झालं की सहज मागे घेता येत नाही. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही ही खुशीची सही नव्हे.

सकाळी अम्मीच म्हणाली, “आधी चौघांची नावं लागू देत. मग मी काय द्यायचं ते बघेन.” मामू थोडा वेळ खाडीकडे बघत बसले. मग उठून त्यांनीच रिक्षा बोलावली. अर्जावर चार नावं लिहिली आहेत.

आपल्या घरातही मरहूम वडिलांच्या नावावर सातबारा पडून असेल तर या सुट्टीत तो काढून बघा. आणि वारसांची यादी करताना बहिणींपासून सुरुवात करा.