'उत्खनन' शब्दाचा अर्थविचार

'उत्' उपसर्ग व 'खन्' धातू यांपासून 'उत्खनन', म्हणजे खणून वर काढणे, हा शब्द सिद्ध होतो. इंग्रजी 'एक्स्कव्हेशन' लेण्यांसही लावितात. तेथे मराठीत 'कोरणे'च म्हणावे. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे कोरविले. ते उत्खनन नव्हे.

द्वितीय विन्ध्यशक्तीचा, त्याच्या ३७ व्या राज्यवर्षाचा वाशीम ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. त्यात वत्सगुल्माचे नाव असल्याने तो स्वतःच बोलतो. खापर वा मणी मात्र मुका. त्याची साक्ष त्याच्या थरात असते, व थर एकदा मोडला की ती कायमची नष्ट होते. यास्तव संग्राहकांस आमची विनंती की, स्थळ व थर यांची नोंद असेल तरच वस्तूस 'उत्खननलब्ध' म्हणावे. एरव्ही 'आकस्मिक लाभ' एवढेच लिहावे.