गोळा आणि सीट : बॉल व्हॉल्वची निवड

नळमार्गातील प्रवाह रोखण्यासाठी गेट, ग्लोब, बटरफ्लाय, प्लग असे अनेक व्हॉल्व वापरले जातात. बॉल व्हॉल्वमध्ये आरपार भोक असलेला गोळा दोन कड्यांच्या मध्ये बसवलेला असतो आणि मूठ पाव फेरा फिरवली की भोक नळीच्या रेषेत येते किंवा तिला आडवे होते. मूठ नळीला समांतर असेल तर मार्ग खुला आणि काटकोनात असेल तर बंद, हे दुरूनही ओळखता येते. म्हणूनच स्वयंपाकघरातील पाइप गॅसपासून तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंत हा व्हॉल्व सर्वत्र दिसतो. भोक नळीच्या व्यासाइतके असले तर त्यास फुल बोअर म्हणतात, कमी असले तर रिड्यूस्ड बोअर. दुसरा प्रकार स्वस्त पडतो, पण दाबाचा थोडा अधिक क्षय करतो.

खरेदीच्या वेळी बॉडी पितळेची की स्टेनलेस स्टीलची, आकार किती इंची, एवढीच चौकशी बहुधा होते. ज्या दोन कड्यांवर व्हॉल्वचे सारे आयुष्य अवलंबून असते, त्या सीटविषयी क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः निवडीची सुरुवात सीटपासूनच व्हायला हवी. गोलाकार व्हॉल्वची कल्पना जुनी होती, परंतु धातूचा गोळा धातूच्याच कड्यावर टेकला की सूक्ष्म ओरखड्यांतून गळती होई. 6 एप्रिल 1938 रोजी न्यू जर्सीतील ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत शीतक वायूंवर संशोधन करणाऱ्या रॉय प्लंकेट यांच्या सिलिंडरमधून वायू येईना, वजन मात्र कमी झालेले नव्हते. सिलिंडर कापला तेव्हा आत मेणचट पांढरी पूड निघाली. तीच पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन, म्हणजे पुढे टेफ्लॉन या नावाने प्रसिद्ध झालेला पदार्थ. जवळपास कोणतेही रसायन त्याला खात नाही आणि त्यावर गोळा अत्यल्प घर्षणाने फिरतो, त्यामुळे महायुद्धानंतर त्याची कडी वापरून घट्ट बंद होणारा बॉल व्हॉल्व उद्योगांत रुजला.

या पदार्थाचा मोठा दोष असा की, सततच्या दाबाखाली तो घन असूनही हळूहळू सरकत राहतो. या गुणधर्मास क्रीप म्हणतात. कुशल उत्पादक म्हणूनच कड्याच्या कडेला पातळ, लवचिक ओठ ठेवतात, जो गोळ्याला चिकटून राहतो व झीज भरून काढतो. 327 अंश सेल्सिअसला हा पदार्थ वितळतो, पण त्याच्या फार आधी मऊ पडतो. सुमारे 200 अंशांच्या आसपास त्याची दाब सोसण्याची क्षमता अगदी थोडी उरते. वाफेच्या नळीवर साधा टेफ्लॉन सीटचा व्हॉल्व बसवणे म्हणूनच धोक्याचे असते. काचतंतू किंवा कार्बन मिसळलेला टेफ्लॉन अधिक टिकतो, पीक नावाचे बहुलक त्याहूनही अधिक उष्णता सोसते, आणि राख किंवा कण असलेल्या गरम द्रवासाठी कठीण लेप दिलेली धातूची सीटच लागते.

सीटवर किती भार येतो, हे गणिताने स्पष्ट होते. लहान व्हॉल्वमध्ये गोळा तरंगता असतो, म्हणजे द्रवाचा दाबच त्याला पुढच्या कड्यावर रेटतो. 25 मिलिमीटर व्यासाच्या सीटवर 10 बार दाब असता हा रेटा सुमारे 50 किलोग्रॅम वजनाइतका होतो, तर 150 मिलिमीटरच्या सीटवर तो सुमारे 1,800 किलोग्रॅम वजनाइतका होतो. एवढा भार मऊ कडे झेलू शकत नाही, म्हणून मोठ्या व उच्च दाबाच्या व्हॉल्वमध्ये गोळा वर-खाली आसांवर टेकवतात (या रचनेला ट्रुनिअन म्हणतात) आणि स्प्रिंगवरील कडीच गोळ्याकडे सरकतात. बंद स्थितीत गोळ्याभोवतीच्या पोकळीत द्रव अडकतो, हेही विसरता कामा नये. द्रवरूप क्लोरीनसारखा पदार्थ तेथे तापून प्रसरण पावला तर व्हॉल्वची बॉडीच फुटू शकते, यासाठी गोळ्याच्या आवक बाजूला दाब सुटण्यापुरते छिद्र ठेवतात.

अर्धा उघडा ठेवून प्रवाह नियंत्रित करणे ही साध्या बॉल व्हॉल्वशी केलेली क्रूरता आहे, कारण अरुंद फटीतून वेगाने निघालेला झोत सीट कापून काढतो. त्या कामासाठी इंग्रजी व्ही आकाराचे भोक असलेला गोळा किंवा ग्लोब व्हॉल्व घ्यावा.

पाव फेऱ्याची सोय जलाघातही घडवते. निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगांवरून 1898 मध्ये दाखवले की, अचानक थांबलेल्या पाण्याच्या दाबातील वाढ ही घनता, लाटेचा वेग व थांबलेला प्रवाहवेग यांच्या गुणाकाराइतकी असते. पोलादी नळीत लाट सेकंदाला सुमारे 1,200 मीटर धावते, त्यामुळे 2 मीटर वेगाचे पाणी क्षणात अडवले तर 24 बार दाब वाढतो. महाराष्ट्रातील शेतात अंथरलेल्या पीव्हीसी नळीत लाट मंद असते. तिचा वेग 400 मीटर व पाण्याचा 1.5 मीटर धरला, तरी 6 बारची भर पडते, आणि शेतीतील अनेक नळ्यांची क्षमता याहून कमी असते. 400 मीटर लांब नळीत लाट जाऊन परतायला दोन सेकंद लागतात, म्हणून मूठ त्याच्या कितीतरी पट सावकाश फिरवावी लागते.

ज्वालाग्राही पदार्थांच्या व्हॉल्वमध्ये सीट जळून गेली तरी गोळा मागच्या धातूच्या कडेवर टेकेल अशी सोय करतात, व तिची परीक्षा 30 मिनिटे ज्वाळेत ठेवून केली जाते. टेफ्लॉन विद्युतरोधक असल्याने गोळ्यावर स्थिर विद्युतभार साठतो. त्यासाठी दांडा व बॉडी यांच्यात लहान स्प्रिंग बसवलेली आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.