खिडकीची चौकट आणि चोराची वाट

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. भोंक उमललेल्या कमळाच्या आकाराचें पाडावें, अर्धचंद्राचें कीं स्वस्तिकाचें, याचा तो शास्त्रोक्त विचार करतो, अखेर पूर्णकुंभाचा आकार पसंत करतो, आणि मापाची दोरी विसरली म्हणून यज्ञोपवीतानेंच माप घेतो. हा प्रसंग वर्गांत सांगूं लागलों कीं मुलें हंसत, आम्हीही हंसत असूं. त्यापूर्वींची एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. शर्विलक प्रथम भिंत चांचपून पाहतो, आणि पाण्यानें व क्षारानें खाल्लेली, उंदरांनीं उकरलेली जागा शोधून काढतो. म्हणजे घराच्या बळाशीं तो झुंजतच नाहीं!

आतां भिंती सिमेंटच्या झाल्या; त्या फोडीत कोण बसतो? ती दुबळी जागा आतां खिडकीपाशीं आली आहे, आणि तीही गजांत नसून चौकट व भिंत यांच्या सांध्यांत आहे. हें ज्ञान आम्हांस पुस्तकांतून झालें नाहीं. सहा वर्षांपूर्वीं आमचे घरीं चोरी झाली. कोठीच्या खिडकीस चांगले अर्धा इंच जाडीचे गज होते. त्यांतला एकही वांकला नव्हता. चोरांनीं फटींत कटावणी घालून गजांसकट सगळी चौकट उचकटली, आणि ती तुळशीवृंदावनाशीं नीट टेकवून ठेवली होती. तिचीं खालचीं टोंकें वाळवीनें पोखरलेलीं. बाजूंस गवंड्यानें दोन-दोन खिळे ठोकून वरून गिलावा फांसलेला. आमच्या कुटुंबाला तिच्या आईनें दिलेल्या पाटल्या त्या रात्रीं गेल्या. त्या परत मिळाल्या नाहींत, आणि घरांत आजही तो विषय कोणी काढीत नाहीं.

तेव्हां वाचकहो, खिडकी करवितांना लोहाराच्या आधीं गवंड्याकडे लक्ष द्या. जुन्या वाड्यांत चौकटीचीं वरचीं व खालचीं आडवीं लांकडें दोन्ही अंगांस भिंतीत शिरलेलीं असत, आणि बांधकाम त्यांच्यावर चढत असे. असली चौकट काढावयाची तर भिंत उतरावी लागे. आज तें काम लोखंडी पट्ट्या करतात. त्यांस गवंडी होल्डफास्ट म्हणतात. सुमारें फूटभर लांबीची पट्टी, एक टोंक चौकटीस बोल्टानें आवळलेलें, दुसरें चिरून दोहोंकडे फांकवलेलें व काँक्रीटमध्यें पुरलेलें. चार फूट उंचीच्या खिडकीस प्रत्येक बाजूस अशा तीन पट्ट्या असाव्यात. चौकटीमागची पोकळी मसाल्यानें ठासून भरून घ्यावी, कारण कटावणीस टेंकू मिळतो तो पोकळींतच. भिंतीस टेकणाऱ्या लांकडास डांबर लावण्यास विसरूं नये. हीं कामें गिलाव्याखालीं झांकलीं जातात. म्हणून गवंडी काम करीत असतां मालकानें स्वतः जवळ उभें राहावें. चहा मागाहून घेतां येतो.

गजांचें गणित सोपें आहे. वांकण्यास होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो. सबब दहा मिलिमीटरऐवजीं बारा मिलिमीटरचा गज घेतला तर तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. याहून स्वस्त युक्ति म्हणजे मधली आडवी पट्टी. गज तिच्या भोकांतून ओंवावेत आणि तिचीं टोंकें चौकटींत शिरवावींत. गजाची मोकळी लांबी निम्मी झाली, कीं तितक्याच जोरानें तो पूर्वीच्या एक-अष्टमांशच लवतो. दोन गजांत चार इंचांहून अधिक अंतर नको. बाहेरून स्क्रूनें बसविलेली जाळी ही शोभा समजावी; चोराजवळही पेंचकस असतो. अल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचें दार वर उचलून रुळांतून काढतां येतें, म्हणून तें बसविल्यावर वरच्या खांचेंत अडणी घालून घ्यावी.

युरोपांत ‘ईएन १६२७’ या मानकाप्रमाणें खिडक्यांची परीक्षा होते. दुसऱ्या वर्गाच्या खिडकीनें पेंचकस, पक्कड व पाचर यांस ३ मिनिटें दाद द्यावयाची नाहीं. तिसऱ्या वर्गाच्या खिडकीनें पहारीसही ५ मिनिटें. एवढीच मिनिटें वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें. परंतु पहारीच्या आवाजांत पांच मिनिटें म्हणजे शेजारच्या दोन घरांत दिवे लागण्याइतका अवधि होय.

आम्ही मात्र भीतीच्या भरांत घराचा पिंजराच करूं पाहत होतों. लोहार शेवटचे गज बसवीत असतां सूनबाईनें विचारलें, “मामंजी, स्वयंपाकघरांत आग लागली तर मुलांना घेऊन मीं कोठून बाहेर पडावें?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. काम थांबविलें. मागल्या खोलीच्या एका खिडकीची जाळी आतां बिजागरीवर आंतून उघडते. बिजागरीच्या खिळ्या वेल्डिंगनें बंद केल्या आहेत. किल्ली खिडकीबाहेरून हात पोंचणार नाहीं, पण धाकट्या नातवास काढतां येईल, अशा खुंटीवर टांगलेली असते. दर संकष्टीस तो कुलूप उघडून पाहतो. गेल्या पावसाळ्यांत तें गंजून अडून बसलें होतें. तेल सोडून उघडण्यास अर्धा तास लागला.