आमचं फुटकं तळं

साताऱ्यात तळ्यांना तोटा नाही. मंगळवार तळं आहे, मोती तळं आहे आणि एक चक्क फुटकं तळंही आहे. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मी परसात सिमेंटचं छोटं तळं बांधून घेतलं आणि महिन्याभरात त्यातलं पाणी रातोरात निम्म्यावर यायला लागलं, तेव्हा गल्लीतल्या पोरांना त्याचं नाव शोधत बसावं लागलं नाही. ‘काका, हे फुटकं तळं नंबर दोन का हो?’ असं विचारून ती सायकलवरून पसार व्हायची.

चूक माझीच. आमच्या परसात वर दोन फूट काळी माती आणि खाली मुरूम. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यात ठेवलेलं चार इंची विटांचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. मिस्त्री म्हणाले होते, “साहेब, खाली सोलिंग करू, सळई टाकू.” मी म्हटलं, धरण थोडंच बांधायचंय! तेव्हा वाचवलेले पैसे पुढे गळती थांबवायच्या डब्यांत गेले आणि तळं गळायचं ते गळतच राहिलं.

उपाय सांगितला तो फलटणकडे शेती करणाऱ्या माझ्या मावसभावानं. “अरे, आम्ही लाखो लिटर पाणी कागदावर ठेवतो. तुला हजार लिटरला सिमेंट कशाला?” शेततळ्याचा ‘कागद’ म्हणजे ते जाड काळं प्लास्टिकचं अस्तर. ५०० मायक्रॉनचं, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचं. जमीन हलली तर तेही जरा हलतं, तडकत नाही. शेततळ्याचं काम संपलं की काठाचे तुकडे उरतात आणि घरच्या तळ्याला तेवढा तुकडा पुरतो.

किती मोठा तुकडा लागेल, हे हिशेबानं काढावं, अंदाजानं नव्हे. आमचा खड्डा ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूट खोल. लांबीत खोली दोनदा मिळवायची आणि दोन्ही काठांवर दाबायला एकेक फूट धरायचा. लांबी १२ फूट झाली. तसंच रुंदीचं केलं, ती १० फूट आली. पाणी किती मावेल? सहा चोक चोवीस, दुणे अठ्ठेचाळीस घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर, म्हणजे साधारण साडेतेराशे लिटर. खड्ड्याच्या तळाशी दगडगोटे वेचून दोन-तीन इंच वाळू पसरावी, वर जुन्या पोत्यांचा थर द्यावा आणि मग कागद. एका बाजूला नऊ-दहा इंचांवर एक पायरी ठेवावी, काठच्या झाडांच्या कुंड्या तिथं बसतात. काठाची पातळी मात्र डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याची पाण्याची नळी लावून बघा. अर्धा इंच जरी फरक राहिला तरी पाणी लगेच चुगली करतं, एका बाजूचा काळा कागद जन्मभर उघडा दिसत राहतो.

दोन फूट खोली मी हट्टानं धरतो. उथळ पाणी एप्रिलच्या दुपारी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आता जागा. कुमुदाला रोज चार-पाच तास तरी ऊन हवं, म्हणून तळं उघड्यावर, पण दुपारनंतर भिंतीची सावली पडेल असं. आंब्याखाली, उंबराखाली तळं नको. सावलीचा मोह होतो खरा, पण पडलेली पानं आणि फळं तळाशी कुजतात आणि सगळं आयुष्य जाळी घेऊन ती काढण्यात जातं. घरात लहान मूल असेल तर पाण्याखाली दोन बोटांवर सळयांची जाळी बसवल्याशिवाय एक लिटरही पाणी भरू नका. पाणी किती उथळ आहे याला तिथं काही अर्थ नसतो.

पाणी भरलं, आणि इथंच मी दुसरा घोळ घातला. तळं तयार, पाहुणे यायचे होते, म्हणून त्याच आठवड्यात बाजारातून वीस गोल्डफिश आणून सोडले. लाल-केशरी मासे, काळा कागद, निळं आभाळ! आठवड्याभरात ते पहाटे पाण्यावर तोंडं काढून हवा गिळायला लागले आणि दहाव्या दिवशी चारच उरले.

झालं काय होतं, ते नंतर कळलं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात जातो आणि तो माशांनाच विषारी. निसर्गात त्याची सोय आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट वनस्पती खतासारखं खातात. पण नव्याकोऱ्या तळ्यात हे जिवाणूच नसतात. कागदाच्या अंगावर, कुंड्यांवर, मुळांवर त्यांचा बुळबुळीत थर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहाटेचं कोडंही असंच. वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री मात्र माशांसारख्याच तो घेतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो सूर्योदयाच्या आधी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उघड्यावर एक-दोन दिवसांत बरंचसं उडून जातं, पण तेवढाही दम मी धरला नव्हता.

तेव्हा कमी उस्तवारीचं तळं हवं असेल तर क्रम पाळावा लागतो. आधी पाणी, मग झाडं, मग महिना-दीड महिना काहीच नाही, आणि त्यानंतर चार मासे. या ‘काहीच नाही’च्या काळात पाणी हिरवंगार होतं. मी एकदा ते सगळं उपसून नवं भरलं, आठ दिवसांत पुन्हा हिरवं. ते हिरवेपण म्हणजे डोळ्यांना न दिसणारी शेवाळं. त्यांना ऊन आणि खत मिळतं तोवर ती वाढणार आणि नव्या पाण्यानं त्यांची पंगत पुन्हा मांडली जाते. झाडांनी खत ओढून घेतलं, पानांनी निम्म्याहून जास्त पाणी झाकलं, की शेवाळं आपोआप उपाशी मरतात. पाणी निवळतं ते एका सकाळी, कुणाला न सांगता.

झाडांची निवड हा या कामातला सगळ्यात चवदार भाग. कमळ आणि कुमुद यांत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. पान पाण्यावर सपाट तरंगतंय आणि त्याला देठाशी खाच आहे, तर ते कुमुद, नर्सरीवाल्यांच्या भाषेत ‘लिली’. गोव्यात याचीच साळकां. पान गोल, बिनखाचेचं, देठ बरोबर मधोमध आणि सगळा डौल पाण्याच्या वर, तर ते कमळ. कमळ सुंदर आहे, पण लहान तळ्यात ते पाहुणा म्हणून येतं आणि मालक होतं. त्याला वेगळा मोठा टब द्यावा. कुमुदाचं एक रोप आमच्या तळ्याला पुरलं. पसरट कुंडीत तळाला मूठभर जुनं शेणखत, वर चिकट काळी माती, तिच्यावर बोटभर वाळू. बागेतली भुसभुशीत, खताळ माती नको, ती पाण्यात तरंगते आणि शेवाळाला मेजवानी होते. एक फूल तीन-चार दिवस सकाळी उघडतं, दुपारनंतर मिटतं आणि शेवटी मान मोडून पाण्यात बुडतं.

सातारकरांना आणखी एक पर्याय आहे. कासच्या पठारामागं कुमुदिनी तलाव आहे. तिथली पांढरी नाजूक फुलं, पाकळ्यांच्या कडांना कापसासारखी लव असलेली, ती खऱ्या अर्थानं कुमुदाच्या कुळातली नव्हेत. निम्फॉइडीज इंडिका हे त्यांचं शास्त्रीय नाव. नर्सरीत ‘वॉटर स्नोफ्लेक’ म्हणून ती मिळते आणि कागदाच्या तळ्यात मजेत वाढते. तलावातून उपटून आणण्याची गरज नाही, आणि ते करूही नये.

पाण्याखाली हायड्रिला किंवा व्हॅलिसनेरियाच्या जुड्या सोडाव्यात. काठच्या पायरीवर वेखंड, नीरब्राह्मी, एखादी कर्दळ. पाणकणीस देखणं दिसतं, पण त्याच्या टोकदार मुळांनी कागदाला भोक पडलं तर पुन्हा फुटकं तळं! जलपर्णीला तर दारातूनच परत पाठवा. जांभळ्या फुलांना भुलून कुणी दोन रोपं आणतं आणि पंधरवड्यात ती दुप्पट होतात. मुळा-मुठेवर ज्यांनी तिचं गालिचे अंथरणं पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

“पण डास?” शेजारच्या काकूंनी कुंपणावरून पहिल्याच दिवशी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. उबदार पाण्यात डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मात्र डासाची मादी अंडी घालते, अळ्या वाढतात आणि त्या माशांच्या पोटात जातात, असं तळं डासांसाठी सापळा ठरतं. डेंग्यूच्या डासाची खरी घरं म्हणजे फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर. काकूंच्या अंगणात अशा सात बशा होत्या. मी त्या मोजल्या, पण बोललो नाही. शेजारधर्म!

या कामाला आपल्याकडे प्रसिद्ध आहेत ते गप्पी मासे. कितीतरी नगरपालिकांच्या आणि महापालिकांच्या हिवताप विभागाकडून ते फुकट मिळतात. नाव गप्पी असलं तरी त्याचा गप्पांशी संबंध नाही. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी या निसर्गअभ्यासकाच्या आडनावावरून ते पडलं. अंडी न घालता थेट पिल्लं देणारी ही जात साधारण महिन्याला एक वीण करते, त्यामुळे दहा-बारा मासे सोडले की पुढं मोजायचं काम राहत नाही. धोका तिथंच आहे. गप्पी इथला नव्हे, दक्षिण अमेरिकेकडचा. पावसाळ्यात तळं भरून वाहिलं आणि मासे ओढ्यात गेले, तर ते तिथल्या लहान देशी माशांच्या ताटात वाटेकरी होतात. उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात अडकणारे काटेरी सकर मासे हे कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीतूनच कधीतरी सुटलेले.

म्हणून तळ्याच्या काठाला एक सांडपाइप ठेवायचा, तोंडाला बारीक जाळी बांधायची आणि त्याचं पाणी अळूच्या वाफ्यात सोडायचं. आपल्या आज्यांनी न्हाणीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ लावली, त्यामागचं तंत्र हेच. माशांच्या पाण्यावर वाढलेल्या अळूचं फदफदं काय होतं, ते एकदा करून बघाच.

देशी मासा हवा असेल तर कोकणातल्या ओढ्या-विहिरींतला पिकू बघावा. पृष्ठभागालगत तरंगत राहतो, डासाच्या अळ्या टिपतो, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी आणि डोक्यावर चांदीचा टिकला. मल्याळीत याच्या भाईबंदांना ‘मानत्तुकण्णी’ म्हणतात, म्हणजे आभाळाकडं डोळे लावलेली. पिकू उडी मारण्यात पटाईत आणि गप्पीची पिल्लंही खातो, तेव्हा दोघांना एकत्र ठेवलं तर गप्पींची संख्या आपोआप ताळ्यावर राहते. कोई माशांच्या वाटेला मात्र आळशी माणसानं जाऊ नये. हातभर वाढणारा, सतत खाणारा, झाडं उकरणारा हा जपानी मासा मोठं तळं, गाळणी आणि चोवीस तास पंप मागतो. कासवही सोडू नका. जुन्या विहिरीत सोडायचे हे खरं, पण आपल्याकडचं पाणकासव पाळणं आता वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे.

माशांना खायला काय? काही नाही. अळ्या, शेवाळ, पडलेले किडे एवढ्यावर ते राहतात. प्रेमानं टाकलेला चपातीचा तुकडा तळाशी जाऊन अमोनिया होतो. आमच्या घरात हा नियम मोडणारा एकच माणूस आहे आणि ते माझे वडील आहेत, त्यामुळे नियम मोडलेलाच आहे.

मग उस्तवार उरते ती किती? मे महिन्यात उन्हानं रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं. आमच्या चोवीस चौरस फुटांना तो हिशेब बादलीभर पाण्याचा होतो, अठरा-वीस लिटरचा. ती बादली पावसाळ्यात कुणी घालत नाही, उलट सांडपाइप बघावा लागतो. पिवळी पडलेली पानं आठवड्याला कात्रीनं कापायची. वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, कुमुद कुंडीतून काढून गड्डा विभागायचा आणि जास्तीची रोपं मागणाऱ्यांच्या हवाली करायची. तळाचा गाळ निम्माच काढायचा. घासूनपुसून लख्ख केलं तर जिवाणूंचा संसार मोडतो आणि दीड महिन्याचा वनवास पुन्हा सुरू.

बाकी लोक आपणहून येतात. पहिल्याच पावसाळ्यात बेडूक आले, कुठून ते देव जाणे. मग चतुर आणि टाचण्या. पावसाळ्याच्या शेवटी थव्यानं दिसणारे पिवळसर चतुर इथून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असं मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. तेव्हापासून कर्दळीच्या पानावर बसलेल्या चतुराला मी जरा आदरानंच वागवतो. खंड्या दोन दिवसांआड मासा उचलतो, त्याचा हप्ता ठरलेला. एकदा दिवड आली होती, बिनविषारी, दोन बेडूक खाऊन निघून गेली. काकू आठवडाभर कुंपणाशी फिरकल्या नाहीत.

सुरुवात करायची तर दिवाळीची सुट्टी खड्ड्याला उत्तम. पाऊस थांबलेला, माती अजून ओलसर, कुदळ सहज जाते. थंडीत कुमुद फारसं हलत नाही, म्हणून कागद अंथरून, पाणी भरून, काठची झाडं तेवढी लावून ठेवावीत. कुमुद माघात, मासे फाल्गुनात. आणि खड्ड्याच्या मातीचं काय करायचं, हा प्रश्न आमच्याकडे पडलाच नाही. गल्लीतल्या त्याच सायकलवाल्या पोरांनी ती घमेल्यानं नेली आणि रायगड केला. हळीव पेरून झाल्यावर पायथ्याशी एक वाटी पुरून तिच्यात पाणी भरलं, आणि मग त्यातला एक जण माझ्याकडे आला. त्याला त्या वाटीसाठी एक गप्पी हवा होता.