पायाभोवतीचा पिंजरा आणि संगणकातले हाड

अपघातात नडगीचे हाड मोडले आणि वरचे मांसही फाटले, तर नुसते प्लास्टर पुरत नाही. अशा वेळी डॉक्टर हाडाच्या दोन्ही तुकड्यांत पिना घालतात आणि त्या पायाबाहेरच्या दांडीला किंवा कड्यांना आवळतात. सायबेरियातल्या कुर्गान भागात डॉ. गाव्रील इलिझारोव यांनी १९५०च्या दशकात कड्यांची पद्धत घडवली. बघणाऱ्याला वाटते, पाय पिंजऱ्यात घातला आहे.

हा पिंजरा किती घट्ट असावा? जितका घट्ट तितका बरा, असे आपण म्हणू. पण हाडाचा स्वभाव तसा नाही. १९८५ साली गुडशिप आणि केनराइट या ब्रिटिश संशोधकांनी मेंढ्यांची मोडलेली हाडे रोज थोडा वेळ, जेमतेम एक मिलिमीटर, हलवली. जखडून ठेवलेल्या हाडांपेक्षा ती चांगली सांधली. मात्र हालचाल फार झाली, तर फटीत हाडाऐवजी नुसते तंतूच भरतात आणि माणूस महिनोन्‌महिने खाटेला खिळतो. हातावर पोट असलेल्या घरात त्याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

हे माप माणसाच्या पायावर चाचपडत काढता येत नाही, म्हणून संगणक. सीटी स्कॅनवरून हाडाचा आकार घेतात, त्याचे हजारो बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येकाला त्याचा गुण देतात. पोलाद हाडापेक्षा सुमारे दहापट ताठ. फटीतला नवा भाग अगदीच मऊ. मग वर माणसाचे वजन ठेवायचे आणि कोणता तुकडा किती दबला ते बघायचे. जर्मनीतल्या क्लेस आणि हायगेले यांनी १९९९ साली असे गणित मांडले. फटीत जिथे दाब थोडा असतो आणि आकार साधारण पाच टक्क्यांच्या आतच बदलतो, तिथे थेट हाड धरते, असे त्यातून दिसले.

पिनांचा हिशेब तर चकित करणारा आहे. व्यास पाचचा सहा मिलिमीटर केला, की पीन दुप्पट ताठ होते. दांडी हाडाच्या निम्म्या अंतरावर आणली, की पीन आठव्या हिश्श्याइतकीच वाकते. पण दांडी फार जवळ आणली तर सुजलेल्या कातडीला ती टेकते, जखम पुसायला बोट शिरत नाही. पिनेपाशी पू झाला, रोग्याने दुखते म्हणून पाय टेकवलाच नाही, तर वर ठेवलेले ते वजन कागदावरच राहते.

हाड भरत आले, की काही रोग्यांच्या पिंजऱ्याचे नट थोडे सैल करतात, म्हणजे भार पिनांवरून हाडावर येऊ लागतो. ते नेमके कोणत्या आठवड्यात सैल करावेत, याची गणिते अजून चालू आहेत.