पूर्ण मापाचा पाऊस

बागेतल्या रेल्वेत इंजिन लहान असतं, डबे लहान असतात, फलाट लहान असतो. पाऊस मात्र पूर्ण मापाचा पडतो. ऊन, वारा, वाळवी, झाडावरून गळणारं पान यांतलं काहीच कुणाच्या प्रमाणपट्टीला जुमानत नाही. घरातल्या टेबलावर पुठ्ठ्याचं स्टेशन वर्षानुवर्षं टिकतं. अंगणात ते पहिल्याच पावसात लगदा होतं. म्हणून बागेत रुळांलगत लाकडी बांधकाम उभं करणाऱ्याला खऱ्या सुताराचे सगळे प्रश्न सोडवावे लागतात, आणि मला हे काम प्रिय आहे ते याच कारणासाठी. त्याचा कस पाहायचा असेल तर अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरातली पाण्याची टाकी बांधायला घ्यावी.

तिथे डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीने दोन रुळांत तीन फुटांचं अंतर ठेवून खाणींच्या गावांपर्यंत गाड्या नेल्या. ड्युरँगो ते सिल्व्हरटन हा 45 मैलांचा मार्ग 1882 साली पुरा झाला. चामा ते अँटोनिटो हा 64 मैलांचा मार्ग 10,015 फूट उंचीची कुंब्रेस खिंड ओलांडतो. दोन्हींवर आजही वाफेची इंजिनं धावतात. बाल्डविन कारखान्याने 1925 साली बांधलेल्या के-36 जातीच्या इंजिनामागच्या टेंडरमध्ये 5,000 अमेरिकन गॅलन पाणी मावतं, पण चढावर ते झपाट्याने संपतं. म्हणून वाटेत ठिकठिकाणी टाक्या लागल्या. आपल्याकडच्या जुन्या स्टेशनांवर दगडी बांधकामावर बसवलेली लोखंडी टाकी दिसते. अमेरिकेच्या पश्चिमेला मात्र उत्तम लाकूड मुबलक होतं आणि सुतारांच्या टोळ्या रेल्वेच्या पदरीच होत्या, त्यामुळे टाकी लाकडाची झाली. अमेरिकन रेल्वेंवर 24 फूट व्यासाची आणि 16 फूट उंचीची टाकी सर्रास असे. तिच्यात 50,000 गॅलनहून थोडं अधिक पाणी मावे, म्हणजे दहा टेंडर भरतील इतकं.

या टाकीच्या फळ्या जोडायला ना खिळा लागतो ना सरस. उभ्या फळ्यांच्या कडा किंचित तिरक्या रंधून त्या गोलाकार लावतात, तळाच्या फळ्या त्यांच्या आतल्या खाचेत बसतात आणि बाहेरून लोखंडी कडी आवळतात. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतात, ती गार होताना आवळली जाते. इथे उलट आहे: कडी गार असतानाच नटाने आवळायची, मग पाण्याने लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप घट्ट होतात. टाकी फार दिवस कोरडी राहिली तर फळ्या आकसतात आणि गळती सुरू होते. कड्यांमधलं अंतरही सारखं नसतं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. 16 फूट पाण्याखाली दर चौरस सेंटिमीटरला जवळपास अर्धा किलो. म्हणून तळाशी कडी दाट आणि वर विरळ. प्रतिकृतीत कडी समान अंतरावर बसवली, तर ज्याने खरी टाकी पाहिली आहे त्याला ती लगेच खटकते.

आता मापांकडे वळू. बागेतल्या रेल्वेचा सर्वांत रुळलेला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 45 मिलिमीटरचा. 1968 साली जर्मनीच्या न्युरेंबर्गमधल्या लेमन कंपनीने एलजीबी या नावाने घराबाहेर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या आणि हा गेज जगभर पसरला. लेमनच्या गाड्या मीटर गेजच्या, त्यामुळे त्यांचं प्रमाण 1:22.5 ठरलं. कोलोरॅडोचे तीन फूट याच 45 मिलिमीटरमध्ये बसवायचे तर एका फुटाला 15 मिलिमीटर येतात, प्रमाण 1:20.3. हिशेब सोपा होतो. 24 फुटांची टाकी 360 मिलिमीटर व्यासाची आणि 240 मिलिमीटर उंच. बारा इंची चौकोनी खांब म्हणजे 15 मिलिमीटरची पट्टी. सहा इंची फळी साडेसात मिलिमीटर रुंद. परीघ 1,131 मिलिमीटर, म्हणजे सुमारे दीडशे फळ्या, आणि प्रत्येकीची कड जेमतेम सव्वा अंश तिरकी.

बरेच जण इथे सोपी वाट धरतात: जाड प्लास्टिकचा गोल गाभा घेऊन त्यावर फळ्या एकमेकींना चिकटवून डकवतात. ही वाट पहिल्या पावसापर्यंतच चालते. ओलाव्याने लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं, लांबीत जवळपास नाही. प्लास्टिक तर फुगतच नाही. उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात दोन टक्क्यांचा फरक धरला, तर पूर्ण परिघावर 22 मिलिमीटर लाकूड जास्त होतं. त्याला जायला जागा नसते. मग फळ्या उचकटतात, नाहीतर सरसाचा थर सुटतो. उपाय फळीगणिक आहे: प्रत्येक फळी फक्त मधल्या रेषेवर चिकटवायची आणि दोन फळ्यांमध्ये जाड कागदाएवढी फट सोडायची. दर फळीच्या वाट्याला 0.15 मिलिमीटर येतात, आणि ते त्या फटीत सहज सामावतात. कडी पितळी तारेची करून तिला खरा आटा आणि नट ठेवला, तर पावसाआधी ती किंचित सैल करता येते.

लाकूड निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली टिकाऊपणाची. बाल्सा आणि बासवुड कापायला मऊ, पण उघड्यावर लवकर कुजतात. तिकडचे कारागीर वेस्टर्न रेड सीडर किंवा रेडवुडच्या गाभ्याचं लाकूड घेतात, कारण त्यातली नैसर्गिक द्रव्यं कुजवणाऱ्या बुरशीला रोखतात. दुसरी गोष्ट रेषांची. खऱ्या फळीवरची रेष लहान मापात लहान होत नाही, म्हणून वर्षवलयं अतिशय दाट असलेला तुकडा शोधायचा. खिळे पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे हवेत. सीडरमधल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळे ओघळ उतरतात. सरस जलरोधक असावा. वॉर्निश टाळावं. त्याचा थर उन्हाने तडकतो, फटीतून पाणी आत जातं आणि तिथेच अडकून लाकूड कुजवतं. तेल किंवा मुरणारा रंग बरा. दोन-तीन वर्षांत उन्हाने येणारी राखाडी छटा कुठल्याही ब्रशने येत नाही.

सर्वांत आधी कुजतो तो खांबाचा पाय. लाकडाचा आडवा छेद पाणी शोषतो, म्हणून खांब मातीत गाडायचे नाहीत. प्रत्येकाच्या तळाशी पितळी खुंटी बसवून ती काँक्रीटच्या लादीत घ्यायची, लाकूड लादीपासून तीन-चार मिलिमीटर वर ठेवायचं. खांबांना दोन्ही दिशांनी तिरके आधार हवेतच. मूळ टाकीला दोनशे टन पाण्याचं वजन पेलायचं असतं; आपली टाकी काठोकाठ भरली तरी चोवीस-पंचवीस लिटरच, आणि बहुधा ती रिकामीच राहील. तिला धोका वजनाचा नसून वाऱ्याचा आहे. तळाला एक भोक पाडावं, म्हणजे आत शिरलेलं पाणी साचणार नाही. छप्पर उचलून काढता यावं, म्हणजे कोळ्यांची जाळी आणि पालापाचोळा साफ करता येतो.

जागा ठरवताना सगळ्यांत लांब डबा त्या ठिकाणाहून हाताने ढकलत न्यावा. वळणावर डब्याची कड बाहेर झेपावते, हे नकाशावर नीट कळत नाही. पाणी सोडणारा नळ वर उचललेला असताना गाडीपासून मोकळा राहायला हवा आणि खाली ओढल्यावर टेंडरच्या झाकणावर नेमका यायला हवा. त्याला तोलणारी वजनं खऱ्या दोरीने आणि कप्पीने लावली, तर नळ बोटाने खाली येतो आणि सोडल्यावर आपला वर जातो.

हे सगळं आपल्या अंगणातही करता येईल. आपल्याकडे सीडर नसलं तरी सागवान आहे, आणि जुन्या खिडक्या-दारांच्या लाकडात दाट रेषांचा मुरलेला साग मिळतो. मात्र त्याच्या गाभ्याचाच भाग घ्यावा. सालीलगतचं पांढरं लाकूड वाळवी सोडत नाही. साग तेलकट असल्याने सरस लावण्यापूर्वी सांधा थिनरने पुसावा. माथेरानची गाडी मनात असेल तर तिचा दोन फुटी गेज याच 45 मिलिमीटर रुळांवर सुमारे 1:13.5 प्रमाणात बसतो, आणि मग बांधकाम आणखी मोठं, बोटांना सोयीचं होतं. नेरळ ते अमन लॉज ही गाडी पावसाळ्यात बंद ठेवतात, पण घाटातली स्टेशनं पावसात उभीच असतात. बागेतही तसंच: इंजिनं घरात न्यावीत, बांधकामं बाहेर राहू द्यावीत.

अमेरिकन कंपन्यांत पूल आणि इमारती सांभाळणारी वेगळी पथकं असत. ती मार्गावर फिरून कुजलेली फळी बदलत आणि सैल कडी आवळत. बागेत ही नोकरी बांधणाऱ्याचीच. टाकी उभी राहिली की काम संपलं असं समजू नये. दर दिवाळीच्या सुट्टीत छप्पर काढावं, खांबांचे पाय टोकदार सुईने तपासावेत, जिथे सुई सहज रुतेल तो तुकडा कापून नवा जोडावा. अशा डागडुजीने टाकी पुष्कळ पावसाळे काढते, आणि तिचं लाकूड कसं वागतं हे तिला बांधणाऱ्याला पुरतं माहीत होतं.