खावा रोझनफार्ब : वाचक हरपलेल्या भाषेतील कादंबरीकार

यिडिश कथासाहित्याचा उल्लेख होताच १९७८ सालचे नोबेल पारितोषिक विजेते आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांचे नाव पुढे येते. खावा रोझनफार्ब (१९२३-२०११) हे नाव त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक आहे. ज्या भाषेचा बहुसंख्य वाचकवर्ग ज्यू-संहारात नष्ट झाला, त्याच भाषेत या लेखिकेने तीन खंडांची कादंबरी लिहिली. त्या कादंबरीत काय लिहिले याइतकेच, काय लिहिण्याचे नाकारले हेही महत्त्वाचे आहे.

यिडिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची घरगुती भाषा. तिचा पाया जर्मन, लिपी हिब्रू आणि शब्दसंपदेत हिब्रू व स्लाव्ह भाषांची भर. पोलंडमधील लोड्झ या कापडगिरण्यांच्या शहरात रोझनफार्ब यांचा जन्म झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण यिडिश शाळेत झाले. १९४० मध्ये नाझींनी दीड लाखांहून अधिक ज्यूंना शहराच्या एका भागात कोंडले. त्या घेट्टोत उपासमार सोसत रोझनफार्ब कविता लिहीत. ज्येष्ठ कवी सिम्खा-बुनिम शायेविच यांनी त्यांना तेथील साहित्यिकांच्या वर्तुळात आणले. ऑगस्ट १९४४ मध्ये घेट्टो रिकामा करण्यात आला. आउश्वित्झला पोहोचताच त्यांच्या कवितांचे बाड हिसकावून घेतले गेले. पुढे हॅम्बुर्गजवळील झासेल छावणीत पेन्सिलीच्या तुकड्याने त्या फळीच्या बिछान्यावरील छतावर कविता लिहीत व पाठ करीत. एप्रिल १९४५ मध्ये बर्गेन-बेल्सन येथे त्यांची सुटका झाली.

१९५० मध्ये त्या कॅनडातील मॉन्ट्रियल येथे स्थायिक झाल्या. ‘जीवनवृक्ष’ अशा अर्थाचे शीर्षक असलेली त्यांची कादंबरी १९७२ मध्ये तेल अवीव येथून प्रसिद्ध झाली. युद्धपूर्व १९३९ पासून १९४४ पर्यंतचा लोड्झचा काळ तीत दहा व्यक्तींच्या आयुष्यांतून उलगडतो. नाझींनी नेमलेला घेट्टोप्रमुख रुमकोव्स्की हाही तीत एक पात्र आहे. कष्ट करणारी माणसे जगतील या भरवशावर त्याने घेट्टोचे कारखाने केले आणि १९४२ मध्ये मुले व वृद्ध नाझींच्या हवाली करण्याचे आवाहन लोकांना केले. अशा व्यक्तीस केवळ खलपुरुष म्हणून रंगविणे सोपे होते. लेखिकेने ते टाळले. त्याची सत्तालालसा आणि त्याचा भ्रम दोन्ही वाचकास दिसतात. कादंबरी आउश्वित्झच्या दाराशी थांबते आणि पुढे कोरी पाने येतात. छावणीचा अनुभव असूनही तिचे चित्रण न करण्याचा हा निर्णय शेकडो पृष्ठांच्या तपशिलानंतर येतो, म्हणूनच तो परिणामकारक ठरतो.

या कृतीस १९७९ मध्ये इत्झिक मांगेर पारितोषिक लाभले. तथापि स्थलांतरितांची मुले इंग्रजीकडे वळत होती आणि यिडिश वाचक वृद्ध होत चालले होते. अखेर लेखिकेने कन्या गोल्डी मॉर्गेंटेलर यांच्या साहाय्याने कादंबरीचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाले.

कादंबरीत वर्ज्य केलेली छावणी त्यांच्या उत्तरकालीन कथांत मात्र येते, तीही बचावलेल्यांच्या स्मृतीतून. ‘एजियाचा सूड’ या कथेची निवेदिका रेला ही छावणीतील कैद्यांवर नेमलेली मुकादम होती. तिने एकदा एजियाचा जीव वाचविलेला असतो. अनेक वर्षांनी दोघी मॉन्ट्रियलमध्ये पुन्हा भेटतात आणि रेलाचा भूतकाळ जाणणारी एजिया तिच्या नव्या आयुष्यात कायमची येऊन बसते.